घरनी पाळी

अण्णांची शोकसभा गावातल्या मारुतीच्या पारासमोर झाली. माघ संपत आला होता, तरी पांझरा नदीवरून येणारा वारा बोचत होता आणि सतरंजीखालून मातीचा गारवा पायांत चढत होता. खुर्चीवर ठेवलेला फोटो खाकी गणवेशातला होता. निवृत्तीच्या दिवशी डेपोत काढलेल्या गटाच्या फोटोतून तो कापून मोठा केला होता, त्यामुळे उजव्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहून गेला होता. माणसं एकेक करून उठत होती आणि दोन वाक्यं बोलून, रडू आवरत खाली बसत होती. शेवटी एक वक्ते उभे राहिले. आवाज खणखणीत, शब्द भारदस्त. त्यांनी आधी साने गुरुजींचं नाव घेतलं, मग म्हणाले, "अण्णांनी घरादारावर तुळशीपत्र ठेवलं आणि गोरगरिबांसाठी झिजले." सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. माझ्या शेजारी बायकांमध्ये बसलेल्या मायने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर बघतच, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "नही ठेवेल."

नाही ठेवलं.

दोनच शब्द. त्यानंतर वक्ते आणखी दहा मिनिटं बोलले, सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले, सतरंज्या झटकल्या गेल्या. माय त्यावर पुन्हा काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. नाशिकला परतले, कामाला लागले, पण भाजी निवडताना, रात्री दिवा मालवताना ते दोन शब्द समोर येऊन उभे राहायचे. वक्त्यांनी जे कौतुक म्हणून सांगितलं, तेच मी लहानपणापासून तक्रार म्हणून मनात धरून होते. त्यांचं आणि माझं म्हणणं एकच होतं. आणि जिला त्यातलं सगळ्यात जास्त सोसावं लागलं, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो, ती म्हणत होती की हे खरं नाही.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, धुळे जिल्ह्यातल्या साक्री डेपोला. १९७६ ते २०१०, चौतीस वर्षं. त्यातली निम्मी तरी मुक्कामाच्या गाडीवर गेली असतील. संध्याकाळी निघायचं, रात्री आठ-साडेआठला डोंगरातल्या शेवटच्या गावी पोचायचं, तिथेच झोपायचं आणि पहाटे सहाला गाडी परत फिरवायची. पिंपळनेर मागे पडून रस्ता चढायला लागला की गाडीतली अहिराणी विरळ होत जाते आणि कोकणा, भिल्ल माणसांच्या बोली ऐकू येऊ लागतात. बाकीचे कंडक्टर ही ड्युटी टाळायचे, अण्णा मागून घ्यायचे. ड्रायव्हर जेवून मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचा, उन्हाळ्यात टपावर. अण्णा शाळेच्या ओट्यावर कंदील ठेवून बसायचे. मग अंधारातून माणसं यायची. कुणाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, कुणाचा फडक्यात बांधलेला, कुणाचा धान्याच्या कणगीतून काढलेला, सगळ्यांना चुलीच्या धुराचा वास. अण्णा अर्ज लिहायचे, अंगठे घ्यायचे आणि ते सगळं तिकिटांच्या पेटीत, वेबिलाच्या म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाखाली ठेवून साक्रीला आणायचे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, जेवण अर्धं टाकून ते तहसीलच्या रांगेत उभे असायचे. डोंगरात त्यांना मास्तर म्हणत. एसटीतल्या कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत आहेच, पण तिकडे त्या शब्दाला दुसरं वजन होतं.

हे लिहिण्याचं काम त्यांना दुष्काळाने लावलं. १९७२ साली ते वीस वर्षांचे होते, मॅट्रिक झालेले आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारे. सुकडी आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढलेले. अक्षर चांगलं म्हणून मुकादमाने त्यांच्या हातात हजेरीपट दिला. एक बाई आठ दिवस खडी फोडत होती आणि पगाराच्या दिवशी तिचं नाव पटावर नव्हतं. नवरा वर्षापूर्वी गेलेला, आणि कुणीतरी तिचं नाव अजून त्याच्याच नावापुढे 'सोबत एक' एवढंच धरलेलं. नवरा नाही म्हटल्यावर ती ओळच गाळली गेली. अण्णांनी ती ओळ पुन्हा लिहिली, या वेळी तिच्या नावाने. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी खोदून विचारल्यावर, आणि सांगताना त्यांना ती बाई कमी आणि तो कोरा राहिलेला रकाना जास्त आठवत होता, असं मला वाटलं.

मी सातवीत असताना मला टायफॉइड झाला. चौदा-पंधरा दिवस ताप हटत नव्हता. एका रात्री ताप फार चढला, मायने शेजारच्या काकांना उठवलं, त्यांच्या मोटारसायकलवर मधे मला बसवून डॉक्टरकडे नेलं. अण्णा त्या रात्री डोंगरात मुक्कामाला. सकाळी साडेनऊला ते आले ते गळ्यातली कातडी बॅगही न उतरवता माझ्या बाजेपाशी. डिझेल आणि नाण्यांचा वास. कंडक्टरची बोटं नाण्यांनी काळी झालेली असतात, साबणाने ती कधी पूर्ण निघत नाहीत. त्या बोटांनी त्यांनी माझं कपाळ बघितलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "तुमचं घर तिकडंच आहे, डोंगरात. आम्ही म्हणजे तुमचा एक स्टॉप."

बारा वर्षांच्या मुलीला एवढं टोचून बोलता येतं हे मला आज आठवलं तरी पोटात कालवतं. अण्णा काही बोलले नाहीत. बॅग खुंटीला लावली, हातपाय धुतले, कात्री आणली आणि माझा एकेक हात मांडीवर घेऊन दहाही बोटांची नखं काढली. मग पायांची. मी डोळे मिटून पडले होते आणि कात्रीचा तो बारीक आवाज ऐकत होते. नंतर ते दोन तास झोपले आणि उठून मोसंबी आणायला बाजारात गेले. मायने ते बोलणं ऐकलं होतं. ती मला रागावली नाही. दिवाळीच्या सुटीत तिने माझी पिशवी भरली, माझी गोधडी अण्णांच्या वळकटीत बांधली आणि मला म्हणाली, "जाय, दखी ये." जा, बघून ये.

त्या एका मुक्कामाचं मला अजूनही जसंच्या तसं दिसतं. मी कंडक्टरच्या सीटवर, खिडकीपाशी. अण्णा उभे राहून तिकिटं फाडताहेत, हातातला चिमटा टकटक वाजतोय, नोटा उभ्या दुमडून बोटांत धरलेल्या. प्रत्येक थांब्याला कुणीतरी खालूनच विचारायचं, "मास्तर, आलं का?" आणि अण्णा खिडकीतून, "नाही आलं, सोमवारी बघतो." कशाबद्दल हे दोघांनाच ठाऊक. तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, तिकडचे डोंगर उघडे पडलेले होते. आज त्याच भागातल्या बारीपाड्याचं राखलेलं जंगल बघायला माणसं लांबून येतात. २०२५ साली बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अण्णांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली आणि मला फोन करून सांगितलं, जणू घरातल्याच कुणाला मिळाली.

शाळेच्या ओट्यावर आम्ही जेवलो. मायने दादर ज्वारीच्या आठ भाकरी बांधल्या होत्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. दोघांना आठ भाकरी कशाला, हे तिथे कळलं. कंदिलाभोवती जमलेल्यांत दोघं-तिघं दिवसभराचे उपाशी होते. अण्णांनी न विचारता फडकं पुढे सरकवलं. मग एक तरुण बाई आली, कडेवर मूल. शेजारच्या म्हातारीने सांगितलं की हिचा नवरा गेला, दहा दिवस झाले. मला वाटलं अण्णा आता काही सांत्वनाचं बोलतील. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "नोंद केली का?"

मला ते इतकं कठोर वाटलं की मी गोधडीत तोंड घातलं. पुढे नोकरीत, कागदांच्या जगात आल्यावर मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला. माणूस गेल्यावर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत सांगितलं तर नोंद सहज होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि रोजावर जाणारी बाई त्यासाठी किती चकरा मारणार? नोंद नाही तर मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही तर ती विधवा असल्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर निराधार योजनेचा अर्जच पुढे सरकत नाही. संजय गांधी निराधार योजना १९८० साली आली. कागदावर ती अगदी सोपी आहे, उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवं, राज्यात पंधरा वर्षं वास्तव्य हवं. डोंगरातली प्रत्येक विधवा त्यात बसते. कागद तेवढे तिच्याजवळ नसतात. अण्णा दहाव्या दिवशी त्या बाईला विचारत होते कारण अजून अकरा दिवस हातात होते. ती नाही म्हणाली. अण्णांनी त्याच रात्री तिच्या सासऱ्याला झोपेतून उठवून आणलं आणि सकाळी त्याला स्वतःच्या पैशांनी तिकीट फाडून ग्रामपंचायतीच्या गावाला उतरवलं.

त्या रात्री आम्ही गाडीत झोपलो. पत्र्यावर दव पडल्याचा आवाज येत होता. पहाटे जाग आली तेव्हा अण्णा कडेच्या सीटवर बसून माझी फणी शोधत होते. घरी माझ्या वेण्या बहुतेक वेळा तेच घालायचे, कारण सकाळी मायचे हात पिठात असायचे. घट्ट, नोटांच्या बंडलाला रबर लावावं तशी रिबन बांधायचे. हेही मी विसरले होते. तक्रारी माणूस जपून ठेवतो, वेण्या कोण लक्षात ठेवतं? परतीच्या वाटेवर त्यांनी मला दोरी ओढून घंटी वाजवू दिली. घरी आल्यावर मायने डबा उघडला तर त्यात नागलीचं पीठ आणि मूठभर चारोळ्या. डोंगरातून डबा कधी रिकामा येत नसे. पावसाळ्यात करटुली, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, शेवळं. आणि मायही दुसऱ्या खेपेला तो रिकामा पाठवत नसे. कोण कुणाला देतंय याचा हिशेब मला कधी लागला नाही.

साने गुरुजींचं नाव त्या दिवशी घेतलं गेलं ते खानदेशाच्या रीतीला धरूनच. आमच्याकडे चांगल्या माणसाला तेच माप लावतात. पण ते मापही आम्ही अर्धंच लावतो असं मला वाटतं. गुरुजींनी संसार केला नाही हे सगळे सांगतात. अंमळनेरच्या छात्रालयात ते मुलांची अंथरुणं घडी करायचे, कपडे धुवायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, हे सांगतानाही आपण ते त्यागाच्या खात्यात टाकतो. मला त्यात घरच दिसतं. ज्याला परक्या पोराची चादर घडी करावीशी वाटते, त्याने घर सोडलं असं कसं म्हणायचं?

अण्णांच्या वह्या मी शोकसभेनंतर पहिल्यांदा उघडल्या. अकरा वह्या, दोनशे पानी, खाकी कव्हरच्या. मला वाटलं होतं एक घरखर्चाची असेल, एक बाहेरच्या कामांची. तसं नव्हतं. एकाच पानावर, एकाखाली एक: दूध १४. पोरीला कंपास २२. पाड्यावरच्या म्हातारीचे फोटो १५. रॉकेल १०. झेरॉक्स ६. हिचं डोळ्याचं औषध १८. दंडाच्या पावत्या चिकटवायला डिंक ३. पुढच्या वह्यांत वनहक्काचे दावे येतात. २००६ चा तो कायदा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा सिद्ध करायचा. ज्यांनी वनखात्याला वर्षानुवर्षं अतिक्रमणाचे दंड भरले, त्यांच्या त्याच पावत्या आता ताब्याचा पुरावा म्हणून कामी येणार होत्या. उंदरांनी कुरतडलेल्या पावत्या अण्णा जोडत बसायचे. तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. निवृत्त झाल्यावर त्याच मुक्कामाच्या गाडीत तिकीट काढून बसायला लागले. हे सगळं त्या एकाच रकान्यात आहे. श्रावणात कानबाईचे रोट, आमचा भाऊबंदांचा सण, आले की सलग तीन दिवस 'रजा' लिहिलेलं, एकाही वर्षी चुकलेलं नाही. भाऊबंदांतल्या कुणाशी अबोला असेल तर त्याच्या घरी आधी जाऊन यायचं, मग गहू दळायला काढायचे. त्या तीन दिवसांत पाड्यावरून कुणी आलं तर त्यालाही पंगतीला बसवायचं, पण कागदाला हात लावायचा नाही.

वह्या वाचताना मला आजोबा आठवले. आजोबा आमच्या गावच्या फडाचे पाटकरी होते. पांझरेच्या बंधाऱ्याखालचं आमचं सगळं थळ फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक, उसाचा फड, गव्हाचा फड, आणि गावातल्या प्रत्येकाच्या चिंचोळ्या पट्ट्या वेगवेगळ्या फडांत. म्हणजे ऊस झाला तर सगळ्यांचा आणि पाणी कमी पडलं तर तोटाही सगळ्यांचा. त्या वर्षी एखादा फड कोरडाच ठेवायचा, सगळ्यांनी मिळून. शेकडो वर्षांची ही पद्धत. यात शेतकरी आपल्या वावराला स्वतः पाणी भरत नाही. पाणी भरतो तो पाटकरी, आणि सुगीला त्याला त्याबद्दल धान्य मिळतं. आमची सोळा गुंठ्यांची पट्टीही त्यातल्याच एका फडात होती. आजोबा रात्री कंदील आणि फावडं घेऊन चारीवरून जायचे, एकाचं वावर भरलं की दारं मोडून पाणी दुसऱ्याच्या वावरात. आपलं वावर आलं की ते भरायचं, जेवढं शेजाऱ्याचं तेवढंच, आणि पुढे जायचं. पाटकऱ्याने आपलं वावर आधी भरलं तर गाव त्याला काढून टाकेल. पण आपलं वावर कोरडं ठेवून त्याने नाव कमवावं असंही कुणाला वाटत नाही. तेही फडातच आहे.

सुटीच्या दिवशी अण्णा दारातून आत आले की बॅग खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "घरनी पाळी उनी." घराची पाळी आली. लहानपणी मला हे शब्द लागायचे. घराला पाळी लावायची म्हणजे काय? पण पाळी आली की ते पूर्ण दिवस देत. धाब्याच्या छतावर माती टाकायची, बाजेची दावण आवळायची, गोधड्यांना ऊन दाखवायचं, मायच्या गुडघ्यांना तेल चोळायचं. वहीतही ते दिवस ओळखू येतात, त्या पानावर झेरॉक्स नसतं.

एवढं सगळं कळूनही एक गोष्ट मला गिळता येत नाही. शेवटच्या वहीत, सहा महिने, दर महिन्याच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे: 'हिचं नाव, आधार, दुरुस्ती. मागील बाकी.' लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं सासरचं नाव अण्णांच्या नोकरीच्या कागदांत आहे. आधार काढायच्या दिवशी विचारणाऱ्याला मायने माहेरचं नाव सांगितलं, तेच पडलं. तिचं म्हणणं, त्या दिवशी पहिल्यांदाच तिला कुणी नाव विचारलं होतं. आता अण्णांच्या पेन्शनीतला तिचा वाटा त्या दोन नावांमध्ये अडकला. त्याच सहा महिन्यांत अण्णांनी नऊ जणांच्या नावांच्या दुरुस्त्या करून दिल्या, मी मोजल्या. सत्तरी ओलांडलेला, दम लागणारा माणूस नऊ वेळा रांगेत उभा राहिला आणि दहावी खेप झाली नाही. मी रागाने वही मिटली. तो राग अजून आहे, तो कशात विरघळून गेला असं मी लिहिणार नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले. चाळिशी उलटून गेलेल्या लेकीसाठीही माय निंबाला झोका बांधायला लावते. दुपारी खापरावरची पुरणपोळी झाली, आमरस झाला, अण्णांच्या नावाने घागर भरली. मग ओट्यावर ती आणि मी दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी तू असं का म्हणालीस? तिला लगेच कळलं कशाबद्दल. ती बराच वेळ पंख्याने वारा घेत राहिली. मग म्हणाली, तुळशीपत्र ठेवतात ते दान देताना. पाणी सोडायचं, पान ठेवायचं, मग ती वस्तू आपली राहत नाही. मी काय त्यांनी दानात दिलेली वस्तू होते? आठ भाकरी कोण बांधत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने एक म्हातारी आली. हातात काठी, काखेत प्लास्टिकची पिशवी, तोच धुराचा वास. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटीला तिकीट नाही, म्हणून एकटीच निघून आली होती. निराधारचे पैसे आता आधारला जोडलेल्या खात्यावर येतात आणि तिचे दोन महिने थांबले होते. "मास्तर घरी हायेत का?" मायने माझ्याकडे पाहिलं, मला सांगावं लागलं. म्हातारी काठी आडवी ठेवून ओट्यावर बसली. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. समोर निंबाला झोका तसाच हलत होता, त्याकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "नोंद केली का?"

मी हो म्हणाले. दुसऱ्याच दिवशी केली.

"मग बरं," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या उचलला.

आम्ही तिघी साक्रीला निघालो. मायच्या नावाचं काम मी त्याच दिवसावर ठरवलं होतं, कागद रात्रीच लावून ठेवले होते. आधार केंद्रात गर्दी, पत्र्याचं छप्पर, एक पंखा आणि त्याच्या खाली शाई, घाम, मोगऱ्याचा गजरा असा सगळा वास. नंबर यायला दोन वाजून गेले. मी मायची फाइल पुढे केली तेव्हा तिने माझा हात दाबला. "आधी तिनं कर. तिनी गाडी चारनी से." आधी तिचं कर, तिची गाडी चारची आहे. डोंगरातल्या गाड्यांचं वेळापत्रक तिला अजून पाठ होतं. म्हातारीला खुर्चीवर बसवलं. अंगठा यंत्रावर ठेवला, उमटला नाही. दुसऱ्या वेळी नाही, तिसऱ्या वेळी नाही. नांगरलेली, लिंपलेली, लाकडं तोडलेली ती बोटं, रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्रावरचा मुलगा म्हणाला, मावशी, तेल आहे का. मायने पिशवीतून गुडघ्यांच्या तेलाची बाटली काढली, एक थेंब घेतला आणि म्हातारीचा अंगठा चोळत राहिली, शांतपणे, मग पदराने पुसला. मग दुसरी बोटं. कितव्या बोटाला दिवा हिरवा झाला मला आठवत नाही. मी तिच्या अंगठ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर सर्व्हर बंद पडला. पाचपर्यंत थांबलो, मग त्यांनी सोमवारी यायला सांगितलं. संध्याकाळी घरी आल्यावर मी शेवटची वही काढली. पुढच्या कोऱ्या पानावर खर्च लिहिला, झेरॉक्स, रिक्षा, म्हातारीला केळी. वर ती ओळ लिहिली, हिचं नाव, आधार, दुरुस्ती, मागील बाकी. लिहिता लिहिता हात थांबला. मी मायला विचारलं, अण्णा तुला न्यायचे तेव्हाही असंच व्हायचं का? ती बाजेवर पाय पसरून गुडघे चोळत होती.

"सोमवारी लवकर जाऊ," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिला खिडकीजवळ जागा भेटनी व्हती ना?"